लग्न झालं तरी नवरी माहेरीच: काओ बांगमधल्या नुंग लोकांच्या घरात

व्हिएतनामची राजधानी हानोईहून उत्तरेला चीनच्या सीमेवरचं काओ बांग साधारण २८० किमी, बसमध्ये अख्खा दिवस जातो आणि बहुतेक लोक इथे बान जोक धबधबा बघायला येतात. मीही त्यासाठीच आले होते, पण खरं सांगायचं तर मन रमलं ते वाटेतल्या फुक सेन गावात. इथे नुंग या वांशिक समाजाचे लोक राहतात, त्यातली नुंग आन ही शाखा. २०१९च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये नुंग १० लाखांच्या वर होते, सीमेपलीकडचे चीनमधले च्वांग हे त्यांचे भाऊबंदच. गावात लोहारकाम, ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्यांतून सुऱ्या-कोयते बनवतात आणि बायका निळीत रंगवलेले कपडे घालतात.

होमस्टेच्या आजींना लग्नाबद्दल विचारलं, आमची गाइड मुलगी भाषांतर करत होती. आधी मध्यस्थ, मग मुलामुलीच्या जन्मवेळा जुळवायच्या, मग मुलाकडून डुक्कर, कोंबड्या, तांदूळ, दारू असं सगळं मुलीकडे जायचं, आणि हे किती द्यायचं ते आधीच बोलून ठरतं. पण ठरायच्याही आधी पोरंपोरी बाजारात, जत्रेत 'स्ली' गाऊन एकमेकांना जोखतात, एका बाजूने कडवं टाकायचं, दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे जुळवून उत्तर द्यायचं. मला हे फार आवडलं, गाण्यात बुद्धी आणि स्वभाव दोन्ही कळतात ना.

इकडच्या ताय (हाही इथलाच एक समाज) आणि नुंग लोकांत अजून एक पद्धत आहे, नवऱ्याकडचे नवरीच्या आईला कापड देतात. बाळ लहान असताना आई ओल्यात झोपली आणि लेकराला कोरड्यात ठेवलं, त्याची आठवण म्हणून. हे सांगताना आजींनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, आणि मला आईची इतकी आठवण आली की बस.

पण सगळ्यात वेगळं म्हणजे लग्न लागलं तरी नवरी माहेरीच राहायची! सणाला, शेतीच्या कामाला सासरी जायचं, काम झालं की परत, आणि कायमचं सासरी जायचं ते पहिल्या बाळाच्या वेळेला. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, इथे बरोब्बर उलटं! मला तर वाटतं मुलीला नव्या घराची सवय व्हायला असा वेळ मिळणं फार चांगलं. आता ही पद्धत मागे पडत चाललीय, नवी जोडपी लगेच एकत्र राहतात, नोकरीसाठी शहरात जातात.

कोणी जाणार असाल तर फुक सेनला नुसतं गाडीतून उतरून फोटो काढून पुढे जाऊ नका, एक रात्र तरी राहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला.