इंजिन ऑइल खातंय? हेड उतरवण्याआधी हे तपासा

दीड लाख किलोमीटर पळालेलं इंजिन थोडंफार ऑइल खाणारच. पण दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल मोजायची दांडी कोरडी निघाली की "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम काढावं लागेल" हा निकाल फार लवकर लागतो. ऑइल किती जातंय आणि कुठल्या वाटेने जातंय हे कळेपर्यंत एकही बोल्ट खोलू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोष एखाद्या स्वस्तातल्या वॉल्व्हचा असतो आणि अख्खं इंजिन उघडलं जातं.

आधी मोजा. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, दर वेळी त्याच सपाट जागी, दांडी पुसून पुन्हा घालून पाहा. गरम इंजिनवर पाहिलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून काही हाती लागत नाही. दांडीवरच्या दोन खुणांमध्ये किती ऑइल बसतं हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. ते काढायला ऑइल बदलताना नवा फिल्टर बसवा, खालच्या खुणेपर्यंत भरा, इंजिन मिनिटभर चालवून फिल्टर भरू द्या आणि पातळी पुन्हा त्याच खुणेवर आणा. मग मापाच्या भांड्याने १००-१०० मिली ओतत, दर वेळी पाचेक मिनिटं थांबत, वरच्या खुणेपर्यंत जा. हा आकडा वहीत लिहून ठेवला की पुढे अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

१००० किमीला १००-२०० मिली जात असेल तर जुन्या इंजिनमध्ये मी त्याच्या मागे लागणार नाही. काही कंपन्या अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात. त्याच्या पुढे मात्र कारण शोधायलाच हवं. डीपीएफ (धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत आणखी एक फसवणूक होते. रीजनरेशन (ती काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहिलं की डिझेल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं आणि पातळी स्थिर दिसते किंवा वाढते. दांडीला डिझेलचा वास आला तर "ऑइल कमीच होत नाही" म्हणून खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालेलं आहे, बदलून टाका.

पुढची पायरी गळती. इंजिन खालून-वरून धुऊन वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि १०० किमी चालवा. गळणारं ऑइल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा हा उगम. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून थेंब पडले की मागचं क्रँक सील (क्रँकच्या टोकाशी ऑइल अडवणारं रबर) गेलं असं गृहीत धरून गिअरबॉक्स उतरवला जातो. तसं करण्याआधी टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) मागचं पॅकिंग आणि ऑइल प्रेशर स्विच कोरडे आहेत का, हे बोट फिरवून बघा.

बाहेर काही नसेल तर ब्रीदरकडे (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेकडे) वळा. पेट्रोल इंजिन आयडलला असताना ऑइल भरायच्या तोंडावर पातळ कागद धरा. तो हलका ओढला गेला पाहिजे. शिट्टीसारखा आवाज येत जोरात ओढ बसत असेल तर पीसीव्हीचा (ब्रीदरमधल्या वॉल्व्हचा) पडदा फाटलेला असू शकतो, आणि मग इंजिन ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) खेचतं. उलट कागद बाहेर फेकला जात असेल तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगांवरून गॅस खाली उतरतोय. टर्बो डिझेलमध्ये तुंबलेल्या ब्रीदरचा बळी टर्बो ठरतो. टर्बोतलं ऑइल स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परततं. चेंबरमध्ये दाब साठला की ते परतत नाही आणि सीलमधून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जातं. इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेलकट थर असणं नेहमीचंच आहे, पण ऑइल साचलेलं दिसलं तर दुर्लक्ष नको. जास्त ऑइल डिझेल इंजिनमध्ये ओढलं गेलं तर चावी बंद करूनही ते पळत सुटतं. तेव्हा वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन बंद पाडावं लागतं.

आता धूर. पेट्रोल गाडी कसारा घाटासारखा लांब उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता उतरवा आणि खाली आल्यावर पाय दाबा. मागून निळसर लोट उठला तर दोष वॉल्व्ह सीलचा (वॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या रबराचा). थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये मोठा व्हॅक्यूम होतो आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एकच निळा भपका मारून धूर थांबणं हेही त्याचंच लक्षण. चढावर, लोड असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्या.

वॉल्व्ह सीलसाठी हेड (सिलिंडरवरचा, वॉल्व्ह असलेला भाग) उतरवायची गरज बहुतेक इंजिनांत नसते. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब द्यायचा किंवा पिस्टन थोडा खाली असताना मऊ दोरी सोडून क्रँक फिरवून ती वॉल्व्हखाली दाबायची, म्हणजे वॉल्व्ह खाली पडत नाहीत. मग स्प्रिंग दाबून कॉटर (स्प्रिंग वॉल्व्हला अडकवणाऱ्या छोट्या चिपा) काढायचे. त्याआधी हेडमधली ऑइल परतीची भोकं कापडाने बंद करा, कारण कॉटर चेंबरमध्ये गेला तर काम दुप्पट. चार सिलिंडर, १६ वॉल्व्ह म्हणजे १६ सील, सगळे एकदम बदला, आणि वायटनचेच (उष्णता सोसणाऱ्या रबराचे) घ्या. वॉल्व्ह हाताने आडवा हलवून बघा. गाइड (वॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) ढिली असेल तर नवं सीलही टिकत नाही.

रिंगांसाठी कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या वर असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. आणि हे नक्की लक्षात ठेवा, कॉम्प्रेशन उत्तम असूनही इंजिन ऑइल खाऊ शकतं. दाब वरच्या दोन रिंगा धरतात, ऑइल खरवडायचं काम तिसरी करते. तिच्यामागची भोकं कार्बनने बुजली की वरच्या रिंगा धडधाकट असूनही खप वाढतो. उशिरा बदललेलं ऑइल हे त्याचं मोठं कारण. शहरात ताशी सरासरी २० किमीने १०,००० किमी म्हणजे इंजिनचे ५०० तास, हायवेवर ६० ने तेच १६७ तास. म्हणून शहरातल्या जुन्या गाडीला मी ५,००० किमीवर ऑइल बदलायला सांगेन.

अशी अडकलेली रिंग सोडवायचा एक प्रयत्न पेट्रोल इंजिनात करून बघावा. पिस्टन साधारण मधोमध आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०-५० मिली पिस्टन क्लीनर रात्रभर सोडा. सकाळी प्लग न लावता, भोकांवर कापड टाकून, इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टर मारा म्हणजे उरलेलं द्रव बाहेर उडेल. हे टाळून प्लग लावलेत तर द्रव दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. झिरपलेलं क्लीनर ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, म्हणून गाडी सुरू करण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. बोअर घासलेला असेल तर याचा उपयोग शून्य. तिथे लेथवाल्याकडून बोअर वर, मध्ये, खाली मोजून घेणं आलंच. निमुळत्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

एवढं खोलायचं नसेल तर पुस्तिकेत परवानगी असलेल्या ग्रेडपैकी जाड ग्रेड वापरून बघा, ५डब्ल्यू-३० च्या जागी १०डब्ल्यू-४०, वगैरे. सरसकट २०डब्ल्यू-५० ओतू नका, व्हीव्हीटीच्या (वॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑइलच्या दाबाने बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटांना आणि थंडीतल्या स्टार्टला ते जड जातं. डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल लागतं. डिकीत त्याच ग्रेडचा लिटरचा डबा ठेवा, पातळी मध्यावर आली की २००-२५० मिली घाला. वरच्या खुणेच्या वर कधीच भरू नका, क्रँक ते घुसळून फेस करतो आणि ब्रीदरमधून आणखी ऑइल जातं. वरून ऑइल घालत राहिलात तरी ठरलेला बदल टाळू नका, कारण फिल्टर आणि चेंबरमधला गाळ जुनाच असतो.