पाचास पाच, सकाळी सहा: 26 आठवड्यांची नोंदवही

चाळिशीनंतर पुन्हा फुटबॉलकडे वळणाऱ्यांसाठी ही नोंद लिहीत आहे. गेल्या 26 आठवड्यांत मी कोल्हापुरातील एका टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर, 43 वेळा खेळलो आणि मधले तीन आठवडे पोटरी दुखावल्यामुळे घरी बसलो. माझे वय 44 आहे आणि करसल्लागाराच्या कार्यालयात दिवसाचे नऊ तास खुर्चीवर जातात. शिवाजी पेठेत वाढल्यामुळे फुटबॉल मला कोणी मुद्दाम शिकवला नाही. ज्या तालमीत कुस्तीचा आखाडा, त्याच तालमीच्या नावाचा फुटबॉल संघ, असा आमच्याकडचा रिवाज असल्याने चेंडू पायात आपसूक आला. एकविसाव्या वर्षापर्यंत खेळलो आणि त्यानंतरची तेवीस वर्षे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम संघांच्या खेळाडूंना आरडाओरडा करत सल्ले देण्यात गेली.

परत येण्याचे कारण रक्तदाब हे होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी 146/92 आली. ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताण चाचणी व्यवस्थित असल्याने गोळी सुरू करण्याआधी तीन महिने व्यायाम आणि मीठ यांकडे लक्ष देऊन पाहू, असे त्यांनी सुचवले. मी त्याआधीची दोन वर्षे रंकाळ्याभोवती रोज चालत होतो, त्यामुळे ‘व्यायाम’ हा शब्द ऐकून थोडा अपमानच वाटला. मात्र चालताना मी शेजाऱ्याशी निवडणुकीवर सविस्तर चर्चा करू शकत असे, यावरून त्या चालण्याची तीव्रता किती होती ते लक्षात यावे.

पहिले ते आठवे आठवडे

आमचा गट मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला जमतो. वये पस्तिशीपासून सत्तावन्नपर्यंत आहेत. सामना पाचास पाच असतो आणि गोल खाल्ला की किपर बदलायचा, असा नियम आहे. त्या नियमामुळे गोल खाण्याबद्दलचे माझे मत पहिल्या महिन्यात बरेच उदार झाले होते, कारण गोलपोस्टमध्ये उभे राहण्याइतकी हक्काची विश्रांती दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती.

पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला छातीवरच्या पट्ट्याने नाडीचा आकडा 172 दाखवला. 220 वजा वय या ढोबळ सूत्राने माझी कमाल नाडी 176 धरली, तर मी जवळजवळ छताला टेकलो होतो. पुढे पूर्ण तासाची सरासरी 145 ते 150 च्या दरम्यान स्थिरावली, म्हणजे कमाल नाडीच्या सुमारे 82 ते 85 टक्के. चालताना हाच आकडा कधी 105 च्या वर गेला नव्हता. आश्चर्य हे की त्या तासात आपण एवढे कष्ट करत आहोत असे वाटत नाही, कारण लक्ष श्वासाकडे नसून डाव्या बाजूने सुटलेल्या माणसाकडे असते. मनगटावरच्या घड्याळावर मात्र विसंबू नये. या खेळातल्या अचानक पळण्या-थांबण्यात ते मागे पडते आणि आकडे गुळगुळीत करून दाखवते, म्हणून मी पट्टा वापरतो.

छोट्या मैदानावरच्या खेळाचे हे वैशिष्ट्य संशोधकांनी नीट तपासलेले आहे. कोपनहेगन विद्यापीठात पीटर क्रुस्ट्रुप, येन्स बांग्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांचे गट करून एका गटाला फुटबॉल आणि दुसऱ्याला संथ धावणे दिले, आठवड्यातून दोन-तीन वेळा एकेक तास, असे बारा आठवडे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता फुटबॉल खेळणाऱ्यांत 13 टक्क्यांनी आणि धावणाऱ्यांत 8 टक्क्यांनी वाढली होती. उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांवरच्या त्यांच्या नंतरच्या अभ्यासात आठवड्याला दोन तास, सहा महिने खेळणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी सुमारे 12 अंकांनी उतरला. यामागे एकच एक कारण नाही. नाडी पुन्हा पुन्हा वर जाऊन खाली येते, त्यामुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलायला शिकते आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारते. तर थांबणे, वळणे, उडी मारणे यांमुळे मांड्यांच्या स्नायूंवर आणि पायांच्या हाडांवर जो भार येतो, तो सपाट रस्त्यावर एका चालीने चालण्यात येत नाही.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस सकाळची विश्रांतीची नाडी 82 वरून 73 वर आली होती. खेळ थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते, हेही मी लिहून ठेवतो. सुरुवातीला ती 18 ने उतरत असे, आता 27 ने उतरू लागली होती. दम लागेनासा झाला आणि मी वेडा झालो.

नववा आठवडा

शुक्रवार, साडेसहाच्या सुमारास. चेंडू टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, चालला होता, माझ्यापासून तीन पावलांवर. मी उजव्या पायावर जोर देऊन झेपावलो आणि मागून कोणीतरी पोटरीवर सणसणीत लाथ मारली. चिडून वळलो, तर मागे कोणीच नव्हते. सर्वांत जवळचा खेळाडू दहा फुटांवर कमरेवर हात ठेवून उभा होता. पोटरीचा स्नायू फाटताना अगदी असेच वाटते, हे मला त्या दिवशी फिजिओथेरपिस्टने सांगितले. पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला अर्धवट इजा झाली होती आणि मध्यम वयात अचानक झेपावणाऱ्यांमध्ये ही दुखापत नेहमीची आहे. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ खेळाडू, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला बाकावर बसवताना एवढेच म्हणाले, “उद्या हापिसात जायचंय न्हवं? मग सोडायचा की त्यो बॉल.”

घरी बसलेल्या तीन आठवड्यांत जे उमगले, ते या नोंदीचा गाभा आहे. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात; स्नायूंना त्याहून थोडा अधिक वेळ लागतो; पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या महिनोन्‌महिने घेतात. म्हणजे दोन महिन्यांनी आपली छाती तिशीतल्या माणसासारखी वागू लागते आणि टाचेमागची कंडरा मात्र अजून खुर्चीवरच बसलेली असते. चाळिशीनंतरच्या बहुतेक दुखापती या दरीत होतात, असे माझे मत झाले आहे, आणि दम लागणे बंद झाल्याचा आठवडा हाच सर्वांत सावध राहण्याचा आठवडा मानावा.

बारावा आठवडा आणि पुढे

परतल्यावर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे वॉर्म-अप. पूर्वी आमचा वॉर्म-अप म्हणजे गोलवर दोन जोरदार फटके आणि कालच्या सामन्याची चर्चा एवढाच होता. आता आम्ही फिफाच्या वैद्यकीय विभागाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा क्रम करतो. त्यात पंधरा व्यायाम असून तो वीस मिनिटांत होतो: आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. मधल्या भागात गुडघ्यांवर उभे राहून, घोटे जोडीदाराला धरायला लावून, शरीर सरळ ठेवत सावकाश पुढे झुकण्याचा एक व्यायाम आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी तो विलक्षण परिणामकारक आहे आणि तितकाच क्रूरही. पहिल्या दिवशी आम्ही दहाही जण पोत्यासारखे तोंडावर पडलो. कृत्रिम गवतातले काळे रबराचे दाणे नंतर दिवसभर कोणाकोणाच्या मिशीत सापडत होते. याशिवाय घरी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा उचलणे आणि अगदी सावकाश खाली नेणे, पंधराचे तीन फेरे, हे मी रोज करतो. इस्त्री होईपर्यंत ते उरकते.

दुसरा बदल बुटांचा. मी कपाटातून काढलेले जुने, लांब स्टडचे (तळाच्या खिळ्यांचे) बूट हौसेने वापरत होतो. दुधाळी मैदानाच्या मातीत ते ठीक होते, पण टर्फवर लांब स्टड रुततात, पाय जागीच राहतो आणि वरचे शरीर वळते. त्याचा पीळ गुडघ्याला बसतो. तळाला आखूड रबरी खिळे असलेले टर्फचे बूट घेतल्यापासून वळल्यानंतर गुडघ्यात होणारी बारीक कुरकुर थांबली. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

आता आकडे. घरी मोजलेल्या रक्तदाबाची सात दिवसांची सरासरी 134/85 आहे, विश्रांतीची नाडी 68, कमरेचा घेर 98 सेंटिमीटरवरून 93. वजन मात्र 81.5 वरून जेमतेम 79.8 किलो झाले. याची दोन कारणे मला दिसतात. मांड्या भरल्या आहेत, हे जुन्या पँटी सांगतात. दुसरे कारण शुक्रवारच्या सामन्यानंतरची मिसळ आहे. कट मागताना हात आखडता घ्यावा हे पटते, पण ज्या टेबलावर हरलेल्या संघाने बिल द्यायचे असते, तिथे जिंकलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मंगळवारी गंगावेशीत दुधावर भागवतो. रक्तदाबातील उतार केवळ फुटबॉलमुळे आला असेही मी म्हणणार नाही, कारण याच काळात जेवणातला पापड आणि वरून घेतलेले मीठ बंद झाले आणि खेळाच्या आदल्या रात्री मी साडेदहाला झोपू लागलो. डॉक्टरांनी गोळीचा निर्णय आणखी तीन महिने पुढे ढकलला आहे. ज्यांची गोळी आधीपासून सुरू आहे, त्यांनी असे आकडे पाहून ती स्वतःच्या मनाने सोडू नये.

व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क मी आयुष्यात दोनदा भरले आणि दोन्ही वेळा सहा आठवड्यांत जाणे सोडले. इथे 26 आठवडे टिकलो, त्याचे कारण इच्छाशक्ती नाही. पावणेसहाला फोन वाजतो आणि पलीकडून “काका, नऊच हायत, येताय न्हवं?” असे विचारले जाते. मी गेलो नाही तर नऊ माणसांचा खेळ मोडतो. तेवढ्यासाठी थंडीतही पांघरूण फेकले जाते.

दुखापतीनंतर आमच्यातल्या दोघांना गुडघ्यांमुळे पळणे जमेनासे झाले आहे. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा चालत खेळायचा फुटबॉल घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. 2011 मध्ये इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे ज्येष्ठांसाठी सुरू झालेल्या या प्रकारात धावले की फाउल धरतात. अण्णांनी प्रस्ताव ऐकून घेतला आणि आपण गेली दहा वर्षे तोच प्रकार खेळत आहोत, असे सांगितले.

पुढच्या तेरा आठवड्यांत आठवड्याचे दोनच सामने ठेवणार आहे, तिसऱ्याचा मोह टाळणार आहे. उजव्या पायावर एकट्याने टाच उचलण्याचा आकडा सध्या 17 आहे, डाव्या पायावर 24. तो दोन्हीकडे सारखा होईपर्यंत टचलाइनकडे निघालेले चेंडू जाऊ देत आहे.