आमची वाटचाल: ठिणगी लेझरची, मेहनत व्हॅक्यूमची

आम्ही लेझरने पेटणारे व्हॅक्यूम स्विच बनवतो: निर्वात पोकळीत दोन इलेक्ट्रोड, मधल्या फटीत (गॅपमध्ये) लेझरने ठिणगी पाडली की मोठा करंट सुटतो. सुरुवात दोघांनी केली. भागीदार ब्रेझिंगमधला, म्हणजे भट्टीत मिश्रधातू वितळवून भाग जोडणारा. सिरॅमिक आणि तांब्याचा जोड त्याने भट्टीतून काढला, की गळती हुडकणारा हेलियम लीक डिटेक्टर गप्पच बसायचा. मी कॅपॅसिटर बँकांवर, म्हणजे वीज साठवून एका दमात सोडणाऱ्या संचांवर, हयात घालवलेला. तेव्हा मोठा करंट सोडायचा तर इग्निट्रॉन, म्हणजे पारा भरलेली स्विच-नळी, आणि त्या पाऱ्याची कटकट. नाहीतर ट्रिगर पिनचा, म्हणजे विजेच्या पिनने ठिणगी पाडणारा व्हॅक्यूम गॅप, संशोधक लॅफर्टींनी 1966 मध्ये मांडला त्या घराण्यातला. पिनची खोड तुम्हाला ठाऊकच आहे: शॉटागणिक झिजते, आणि ट्रिगरची वायर हाय व्होल्टेजच्या उरावर बसलेली, त्यामुळे उलटा झटका थेट कंट्रोल पॅनलपर्यंत. लेझर आणला की ती वायरच जाते. म्हणून आम्ही लेझर धरला.

लोकांना वाटतं, लेझर घेतला की काम झालं. अहो, 10⁻⁶ टॉरला, म्हणजे इतक्या विरळ दाबाला, हवेच्या रेणूला दुसरा रेणू गाठायला सरासरी 50 मीटर जावं लागतं आणि आपला गॅप काही मिलिमीटरचा. तिथे पेटायला आहेच काय? 1064 नॅनोमीटरचा, काही नॅनोसेकंदांचा पल्स कॅथोडवरच्या टारगेटवर फोकस केला, तर तिथलाच धातू प्लाझ्मा होऊन उडतो, मायक्रोसेकंदाला सेंटिमीटरभर या हिशेबाने गॅप ओलांडतो, आणि मग करंट धावतो. पृष्ठभाग तेलकट असेल, तर स्विच आज एक वागेल, उद्या दुसरं. जिटरचं, म्हणजे पेटण्याची वेळ मागेपुढे होण्याचं, खापर मात्र बिचाऱ्या लेझरवर फुटतं.

आमच्याकडे टॉर्क रेंचला कुणी बाहेरचा हात लावत नाही. व्हॅक्यूम टिकायचा तर फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या कड्यांचे, बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे. एका बाजूने सरसकट आवळणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, त्या जोडात दाबलं जाणारं तांब्याचं गॅस्केट एकदाच वापरा. पैसे वाचवायचे तर चहापाण्यात वाचवा.

आता त्या मोठ्या कंपनीबद्दल. पिनवाले स्विच विकणारी. ‘लेझरची काच चार दिवसांत काळी पडते’ हे बाजारात त्यांनीच पसरवलं; ही काच म्हणजे किरण स्विचमध्ये येण्याची खिडकी. काचेवर धातू बसतो, हे खरंच आहे. पण प्लाझ्मा टारगेटपासून सरळ समोर उडतो, म्हणून आम्ही काच समोर ठेवतच नाही. किरण तिरका आत घेतो, काचेपुढे आडोसा, आणि तिच्या आत बदलता येणारी साधी काचपट्टी. हे ड्रॉइंग आम्ही दाखवत फिरलो. ऐकतो कोण?

तशातच एक मोठा लॉट परत आला. शेरा होता, ‘रेटेड व्होल्टेजच्या आतच ब्रेकडाउन’. चौकशी केली तेव्हा कळलं, चाचणी घेणाऱ्यांनी प्रवासातून आलेला पहिला नग खोक्यातून काढला आणि कंडिशनिंग न करता पूर्ण बँकेला जोडला. सूचना पत्रकात स्पष्ट छापलं होतं: आधी मोठा रेझिस्टर लावून व्होल्टेज पायरीपायरीने चढवा, पृष्ठभागावरची सूक्ष्म टोकं जळू द्या. पत्रक पाकिटातून बाहेरही निघालं नव्हतं. बाकीच्या नगांचं सील शाबूत, तरी शिक्का सगळ्यांवर. पेमेंट अडकलं, भट्टी गहाण पडली. भागीदार त्याच सुमारास बाहेर पडला आणि गेला कुठे, तर त्याच कंपनीत. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

तगलो ते एका प्रयोगशाळेतल्या मॅडममुळे. आमचा पहिला स्विच त्यांनीच घेतला होता. त्यांनी न उघडलेले नग स्वतःकडे मागवले, रात्रभर कंडिशनिंग केलं आणि सकाळी रेटिंगच्या वर नेऊन दाखवले. एकही फुटला नाही. मग त्यांनी जे पत्र लिहिलं, ते एवढं कोरडं होतं की त्यात आमचं कौतुक कुठेच नाही, नुसते व्होल्टेजचे आकडे. पण त्या पत्रावर लॉट स्वीकारला गेला. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मॅडम आता निवृत्त आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक टेंडरमध्ये मात्र एक अट असते: प्रत्येक नगासोबत कंडिशनिंगचा तक्ता जोडावा. ती मोठी कंपनीही आता हा तक्ता जोडते, आमच्याच नमुन्यात, रकाने तेच.