नकाशावरची बाग, मातीतली बाग

बागांच्या इतिहासावरचं अभ्यासग्रंथ म्हणवणारं पुस्तक हातात आलं की आधी परिशिष्टं उघडावीत. रोपखरेदीच्या याद्या, माळ्यांच्या मजुरीचे हिशेब आणि मोजणीचे नकाशे तिथे असतील तर पुस्तक कामाचं. नुसती देखणी छायाचित्रं पाहून बाग पुन्हा उभी करता येत नाही.

सगळ्यात मोठा घोळ नकाशांचा. आराखडा सांगतो काय करायचं ठरलं होतं. मोजणीचा नकाशा सांगतो त्या वर्षी जमिनीवर काय होतं. इंग्लंडमधला बागरचनाकार हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) जमीनमालकांना लाल कातडी बांधणीच्या वह्या करून देई. चित्रावर उचलता येईल असा कागदाचा तुकडा चिकटवलेला असे. तो जागेवर असताना आहे ती जागा दिसे, उचलला की त्याने सुचवलेली. यातलं बरंच काही प्रत्यक्षात आलंच नाही, म्हणून अशा चित्रावरून ‘इथे तळं होतं’ असं लिहिणाऱ्या लेखकाकडे दुसरा पुरावा मागायलाच हवा.

मापंही तपासा. जुना फ्रेंच फूट साधारण ३२.५ सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट ३०.४८ सेंटिमीटरचा. फ्रेंच नकाशा इंग्रजी फुटांत वाचला तर ३०० फुटांच्या वाटेत जवळपास सहा मीटरची चूक होते आणि झाडांच्या रांगा कारंज्याशी जुळत नाहीत.

वनस्पतींच्या नावांना वेळ द्यावा लागतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची द्विनाम पद्धत, म्हणजे दोन शब्दांचं शास्त्रीय नाव, वनस्पतींना १७५३ पासून लागू धरतात. त्याआधीच्या याद्यांत एकेका झाडासाठी लांबलचक लॅटिन वर्णन असतं. चांगलं पुस्तक मूळ नोंद जशीच्या तशी देतं आणि शेजारी आजचं मान्य नाव लिहितं. मूळ नोंद गाळून फक्त आजचं नाव दिलं असेल, तर लेखकाची ओळख चुकली का हे कुणालाच पडताळता येत नाही.

मातीतला पुरावाही सगळं सांगत नाही. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात बागांच्या अभ्यासक विल्हेल्मिना याशेम्स्की यांनी कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट ओतलं आणि घट्ट झाल्यावर भोवतालची माती काढली. मुळांच्या आकारावरून झाडं ओळखता आली, पण हंगामी फुलझाडांच्या बारीक मुळांचे असे साचे मिळत नाहीत. मातीत सापडणाऱ्या परागकणांचंही तसंच. पाइनचे परागकण वाऱ्याबरोबर फार दूरवर जातात, म्हणून ते सापडले तरी झाड बागेतच होतं असं म्हणता येत नाही. कीटकांकडून परागण होणाऱ्या फुलांचे कण मातीत मुळातच कमी पडतात.

मग प्रश्न येतो, बाग कोणत्या वर्षाची करायची? लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची प्रिव्ही गार्डन, म्हणजे राजाची खासगी बाग, १७०२ च्या रूपात आणायची ठरली. त्यासाठी वाढून माजलेली जुनी झाडं काढली आणि उत्खननातल्या खुणांचा आधार घेतला. १९९५ साली ती खुली झाली. निर्णय धाडसी होता, आणि मला तो पटतो, कारण आराखड्याला जमिनीखालचा आधार होता. तसा आधार नसेल तर म्हातारी झाडं तोडू नयेत. ती पुन्हा मिळायला शतकं लागतात.

जमीन राखण्यावरची पुस्तकं याच कपाटात हवीत, कारण कुंपणाबाहेरची टेकडी विकली गेली की बागेतून दिसणारा देखावा संपतो. अमेरिकेत बागरचनाकार चार्ल्स एलियटच्या प्रयत्नांतून १८९१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अशा जागा राखणारी विश्वस्त संस्था उभी राहिली. तिथल्या संवर्धन करारात मालकी मालकाकडेच राहते, पण बांधकामासारखे ठरावीक हक्क तो कायमचे सोडतो. जमीन विकली तरी अट नव्या मालकावर बंधनकारक असते. सुरुवातीची नोंद नसेल तर हे करार फसू शकतात. करारावर सही होण्याआधी हद्दीचा नकाशा, असलेली बांधकामं, वाटा, पाण्याची ठिकाणं, झाडोरा आणि ठरावीक जागांवरून, दिशा व तारीख लिहून काढलेले फोटो जमा हवेत. ते नसतील तर दहा वर्षांनी दिसणारी शेड करारानंतर बांधली हे सिद्ध करणं फार अवघड जातं. म्हणून या विषयावरचं पुस्तक निवडताना अशा नोंदीचा पूर्ण नमुना आत छापला आहे का, ते आधी पाहा.