ट्युनिशिया: कलमं जुळली, न्यायालय बसलंच नाही

२६ जानेवारी, रात्र

बरोबर आपल्या प्रजासत्ताक दिनी, २०१४ साली, ट्युनिसच्या बार्दो राजवाड्यात घटना समितीने नवी राज्यघटना मंजूर केली. बाजूने २००, विरोधात १२, तटस्थ ४. मुस्लिमबहुल देशात लोकशाही, सेक्युलर राज्यव्यवहार आणि इस्लामी राजकारण यांना एका मांडवाखाली आणण्याचा याहून प्रामाणिक प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही. आठ वर्षांत ती घटना गेली. का गेली याची उत्तरं बहुतेक 'इस्लाम आणि लोकशाही जमत नाही' इथे येऊन थांबतात. मला ते पटत नाही, म्हणून आज कलमं आणि आकडे समोर ठेवून लिहितो आहे.

भांडणाचं मूळ शब्दांत होतं. स्वतंत्र ट्युनिशियाचे पहिले नेते हबीब बुर्गिबा यांनी १९५६ साली स्वातंत्र्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑगस्टला, कौटुंबिक कायदा आणला. बहुपत्नीत्व बंद, तलाक फक्त न्यायालयातच. (हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला तो १९६६ साली, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाचा विषय निघाला की आपल्याकडे ट्युनिशियाचा दाखला दिला जातो तो या कायद्यामुळे.) पण सुधारणा आली ती हुकूमशहाच्या हातून. १९८१ च्या परिपत्रकाने सरकारी कार्यालयांत आणि शाळांत हिजाबला बंदी घातली. त्यामुळे 'अलमानिया', म्हणजे सेक्युलॅरिझम, हा शब्द कित्येकांच्या कानाला पोलिसी दंडुक्यासारखा लागतो. दुसऱ्या बाजूला 'शरिया' म्हटलं की शहरी स्त्रियांच्या पोटात गोळा यायचा.

मार्ग काय काढला? दोघांनी आपापला शब्द सोडला. एन्नहदा या इस्लामी पक्षाने मार्च २०१२ मध्ये शरियाचा आग्रह मागे घेतला. सेक्युलर पक्षांनी १९५९ च्या घटनेतलं पहिलं कलम, 'धर्म इस्लाम, भाषा अरबी', जसंच्या तसं राहू दिलं. त्याला लागून दुसरं कलम आलं: ट्युनिशिया हे 'दौला मदनिया', नागरी राज्य. मदनी म्हणजे नगराचं. आपला 'नागरी' शब्दही तसाच बनलेला. दोन्ही कलमांत दुरुस्ती करता येणार नाही, असंही लिहून टाकलं.

सहावं कलम मात्र सावकाश वाचण्यासारखं आहे. राज्य धर्माचं रक्षक. श्रद्धेचं आणि 'हुर्रियत अद-दमीर', म्हणजे सदसद्विवेकाचं, स्वातंत्र्य. मशिदी पक्षीय राजकारणापासून दूर. पवित्र गोष्टींचं संरक्षण. आणि तकफीरला, म्हणजे एखाद्याला काफिर ठरवायला, मनाई. हे सगळं एकाच कलमात. तकफीरचा तुकडा शेवटच्या आठवड्यांत शिरला: एन्नहदाच्या एका सदस्याने डाव्या सदस्याला इस्लामचा शत्रू ठरवलं, त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि तातडीने दुरुस्ती झाली. विवेकाच्या स्वातंत्र्यात धर्म सोडण्याचं स्वातंत्र्य येतं, आणि अरब जगातल्या घटनांमध्ये ते फार दुर्मीळ. पण त्याच्याच शेजारी 'पवित्र गोष्टींचं संरक्षण' आहे. उद्या कुणी व्यंगचित्र काढलं तर यातला कोणता भाग जिंकणार? कलम सांगत नाही. सांगायचं होतं घटना न्यायालयाने, म्हणजे घटनेचा अर्थ लावण्यासाठी नव्याने उभं राहायच्या न्यायालयाने.

इतकी तडजोड का झाली, याचं एक कारण निवडणूक पद्धतीत आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. २०११ च्या सुरुवातीला उठावाने हुकूमशाही पडली, आणि ऑक्टोबरमध्ये घटना समितीची निवडणूक झाली. त्यात पक्षांच्या याद्यांना मतं द्यायची होती, जागा मतांच्या प्रमाणात, उरलेल्या जागा सर्वांत मोठ्या शिल्लक मतांना. समजा आठ जागांचा मतदारसंघ आणि एक लाख मतं. एका जागेचा कोटा १२,५००. ३७ हजार मतं मिळवणाऱ्या पक्षाला दोन जागा कोट्याने, तिसरी शिल्लक १२ हजारांवर. दहा हजारवाल्या छोट्या पक्षालाही शिल्लक मतांवर एक जागा मिळू शकते. एन्नहदाला साधारण ३७ टक्के मतांवर २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. बहुमताला १०९ लागत होत्या. आपल्यासारखी 'सर्वाधिक मतं तो विजयी' पद्धत असती तर तोच पक्ष बहुतेक ठिकाणी पहिला असल्यामुळे एकहाती घटना लिहू शकला असता. मग इजिप्तसारखं, म्हणजे एका बाजूने लिहिलेली घटना आणि पाठोपाठ लष्करी उठाव, असं घडलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

तरी २०१३ मध्ये सगळं मोडायला आलंच होतं. फेब्रुवारीत शुक्री बेलईद, जुलैत मोहम्मद ब्राहमी, दोन डाव्या नेत्यांची हत्या. त्या वेळी कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकील संघटना या चौघांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. एन्नहदाने सत्ता सोडली. त्या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं.

मग घसरलं कुठे? ११८व्या कलमात. घटना न्यायालयाचे १२ सदस्य: चार संसदेने निवडायचे, चार न्यायिक परिषदेने, चार राष्ट्राध्यक्षांनी. २०१५ च्या कायद्याने क्रमही ठरवून दिला, आधी संसद. संसदेत प्रत्येक नावाला दोन तृतीयांश, म्हणजे १४५ मतं हवीत. संसदीय निवडणुकीनंतर वर्षभरात न्यायालय उभं राहायला हवं होतं. एन्नहदाच्या उमेदवाराला सेक्युलर गट अडवायचे, सेक्युलर विदुषीला एन्नहदा. २०१८ मध्ये एकच नाव १४५ च्या पार गेलं. बाकीच्या तीन खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे पुढचे आठही अडले. ज्या अटीने एकमत घडवायचं, तिनेच नकाराधिकार वाटला. आणि अडलं तर काय करायचं, याची पायरीच कायद्यात नव्हती. २०२१ मध्ये संसदेने अट तीन पंचमांशांवर, १३१ मतांवर आणली. तोवर राष्ट्राध्यक्ष झालेले कैस सईद यांनी सही नाकारली, मुदत टळून गेली म्हणून.

२५ जुलै २०२१ ला सईद यांनी आणीबाणीचं ८०वं कलम वापरून संसद गोठवली. ते कलम म्हणतं की त्या काळात संसद अखंड अधिवेशनात राहील, आणि तीस दिवसांनी परिस्थिती तशीच आहे का, हे घटना न्यायालयाला विचारता येईल. विचारणार कुणाला? न्यायालयच नव्हतं. एन्नहदाची जिरली म्हणून अनेक सेक्युलर लोक त्या रात्री रस्त्यावर आनंदाने नाचले. त्यांचा राग मला समजतो. कोरोनाने माणसं मरत होती, संसदेत हाणामाऱ्या चालल्या होत्या. पण पुढे काय मिळालं?

२५ जुलै २०२२ च्या सार्वमतात जेमतेम ३० टक्के मतदान झालं आणि नवी घटना आली. नागरी राज्याचं कलम गेलं. पाचव्या कलमात आलं की ट्युनिशिया इस्लामी उम्मतचा, म्हणजे जगभरच्या मुस्लिम समुदायाचा, भाग आहे आणि जीव, अब्रू, मालमत्ता, धर्म, स्वातंत्र्य जपणारे इस्लामचे 'मकासिद', म्हणजे हेतू, साध्य करणं हे एकट्या राज्याचंच काम आहे. 'लोकशाही व्यवस्थेत' हे दोन शब्द मसुदा प्रसिद्ध झाल्यावर मागाहून घातले. मकासिद हा शरियाच्या शास्त्रातला शब्द. एन्नहदाने ८९ जागा असताना जे घटनेत घातलं नाही, ते एन्नहदाला हटवणाऱ्याने घातलं. मुलीला वारशात मुलाच्या निम्मा वाटा आजही कायम आहे. समान वाट्याला एन्नहदाचा आणि त्याचे नेते रशीद घन्नूशी यांचा विरोध होता, सईद यांचाही आहे. घन्नूशी एप्रिल २०२३ पासून तुरुंगात.

नव्या घटनेतही घटना न्यायालयाची तरतूद आहे. नऊ सदस्य, तिन्ही वरिष्ठ न्यायालयांतले प्रत्येकी तीन ज्येष्ठ न्यायाधीश. संसदेचं मत आता लागत नाही. नेमणुकीच्या आदेशावर सही राष्ट्राध्यक्षांची.