पेटीला कुलूप लागू नये म्हणून : आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लाकडी शैक्षणिक साहित्य तयार होतं. एक खराद, एक बँडसॉ, ड्रिल मशिन, घासकामाची टेबलं आणि मोजकी माणसं, एवढाच पसारा. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे शहरातल्या खाजगी बालवाड्या. त्यांना हवी असत ती ए-बी-सी-डीची कोडी, भिंतीवर टांगता येतील अशी आणि पालकांच्या नजरेत भरतील अशी. पुढे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या अंगणवाड्यांसाठी संस्थांकडून ऑर्डरी येऊ लागल्या आणि कामाची दिशाच पालटली.

अंगणवाडीत सेविकाताई एक, मदतनीस एक, मुलं वीस-पंचवीस, वयं सरमिसळ आणि साहित्य ठेवायला एक पत्र्याची पेटी. पेटीतली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली. चार मणी कमी भरले की जाब ताईंना द्यावा लागतो. मग पेटी कुलपात राहते आणि पाहुणे आले की उघडते. यात ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. साहित्य करणाऱ्याने हरवण्याचा हिशोब आधीच धरायला हवा. म्हणून आमची यादी वाढण्याऐवजी आखडत गेली. आता पेटीत सहाच प्रकार असतात. प्रत्येकाची वेगळी कापडी पिशवी, पिशवीवर आतल्या वस्तूचं चित्र आणि आकडा रंगवलेला, म्हणजे आवरताना मुलंच मोजून भरतात. शिवाय दर पेटीमागे दहा टक्के सुटे भाग जास्तीचे, वेगळ्या पाकिटात. हे पाकीट द्यायला लागल्यापासून पेट्या जास्त वापरात दिसतात.

सगळ्यात जास्त खपतात ते साधे ठोकळे. साधारण दीड वर्षाचं मूल तीन ठोकळे एकावर एक ठेवतं, दोन वर्षांचं सहा आणि तीन वर्षांचं नऊपर्यंत जातं. त्याच सुमारास तीन ठोकळ्यांचा पूलही पाहून करता येतो. बालविकासाच्या तपासणीत एक इंची ठोकळा वापरतात, पण अंगणवाडीत धाकटी भावंडंही येऊन बसतात, तेव्हा मापाचा विचार गळ्यात अडकण्याच्या अंगाने करावा लागतो. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात, म्हणजे आयएस ९८७३ मध्ये, लहान भाग तपासायचं नळकांडं ३१.७ मिमी व्यासाचं असतं. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. २५ मिमीच्या ठोकळ्याचा कर्ण साधारण ३५ मिमी, म्हणून तो आत जात नाही. पण त्याच्या कडांना ५ मिमीची गोलाई मारली की कर्ण ३१.२ वर येतो आणि ठोकळा अलगद आत उतरतो! मुलाला टोचू नये म्हणून कोपरे जास्त घासायचे आणि त्यातूनच धोका तयार करायचा, असा हा प्रकार. आम्ही ३० मिमीचा ठोकळा घेतो आणि ३ मिमीची गोलाई मारतो. ते तपासणीचं नळकांडं कायम घासकामाच्या टेबलावरच ठेवलेलं असतं.

लाकडाचं म्हणाल तर सागवान आम्ही हळूहळू सोडलं. टिकाऊ खरं, पण अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, पाती लवकर बोथट होतात आणि रंग गडद असल्याने पिवळा-लाल त्यावर उठत नाही. शिवणीचं लाकूड हलकं, फिकट, कानशीला मऊ. मात्र ते पुरतं वाळलेलं लागतं. मॉइश्चर मीटरवर १० ते १२ टक्के दिसल्याशिवाय फळी करवतीवर जात नाही. नाशकात मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की लाकूड तडकतं आणि तोच माल आषाढात पेठ-सुरगाण्याच्या पावसात जाऊन फुगतो. लाकूड आडवं फुगतं, शिरांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. १० सेंटिमीटर रुंदीची चकती ओलाव्यातल्या चार टक्क्यांच्या फरकाने एक मिलिमीटरच्या आसपास हलते, म्हणजे गोल चकती लांबट होते आणि साच्यात अडकून बसते. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. त्यामुळे आकाराच्या कोड्यांना भरीव लाकूड वापरत नाही. तळाला ६ मिमी आणि वर ९ मिमी प्लाय, चारी बाजूंनी मिळून २ मिमीची सैलाई. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, स्वस्त पडतं, पण ओल्या हाताने कडा फुगतात आणि भुसा सुटू लागतो.

आकाराच्या कोड्यात क्रम महत्त्वाचा. वर्तुळ कसंही ठेवलं तरी बसतं. चौरस चार प्रकारे बसतो, समभुज त्रिकोण तीन, आयत दोनच. जितके पर्याय कमी, तितकं मनगट वळवून पाहावं लागतं. म्हणून सगळे आकार एका पाटीवर एकदम द्यायचे नाहीत. पहिल्या पाटीवर लहान-मध्यम-मोठी वर्तुळं, मग वर्तुळ-चौरस, मग त्रिकोण. मूल त्रिकोण दाबून बसवू पाहत असेल तर ताईंनी त्याचा हात धरून फिरवू नये. पाटीच थोडी फिरवून ठेवावी आणि ‘आता बघ’ म्हणावं. तुकडा उचलायची खुंटी २५ मिमी उंच आणि १२ मिमी जाड असते, चिमटीत नेमकी येणारी. बाजारातल्या पाट्यांत ही खुंटी वरून खिळ्याने ठोकलेली असते. महिनाभरात ती हलते, मग निघते, आणि हातात खिळा येतो. आमची खुंटी आरपार जाते आणि खालून पाचर मारून बसवलेली असते. दर खेपेच्या मालातल्या काही खुंट्या ताणकाटा लावून सात किलोपर्यंत ओढून पाहतो.

रंगांची कहाणी २०२१ पासून बदलली. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि चाचणीत प्रत्येक रंग वेगळा मोजला जाऊ लागला. विद्राव्य शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम. आमच्या पेट्यांत तेव्हापासून लाल, पिवळा, निळा, हिरवा हे चारच रंग उरले, आणि मुलांच्या शिकण्यात त्याने काही उणं पडलं नाही. खरेदीला जाणाऱ्याने पिवळ्या आणि केशरी डब्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. शिशाची मर्यादा घालणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहेत. यंत्रांना मारायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत आणि झळझळीत पिवळा बहुधा तिथलाच असतो.

मणी आणि खुंट्या खरादावर फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवून रंगवल्या जातात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, वर केवड्याच्या पानाने झिलई. लाख अल्कोहोलात विरघळते. त्यामुळे सॅनिटायझरने पुसलेले मणी चिकट होतात आणि रंग हाताला लागतो. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवणं पुरेसं. ठोकळ्यांना लाख नाही, तर एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग खायचं जवस तेल. गरम पाण्यात भांडं ठेवून एकजीव करायचं, पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने कोरडं पुसायचं आणि किमान दोन आठवडे मोकळ्या हवेत ठेवायचं. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार असतात, ते इथे चालत नाही. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवस तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. वापरून झाला की पाण्याच्या बादलीत.

मणी ओवायचे ते फक्त तीन वर्षांवरच्यांनी. मणी २५ मिमी, भोक ८ मिमी, दोन्ही तोंडं आतून घासलेली, नाहीतर नाडी कातरली जाते. नाडीचं कडक टोक ४ सेंमी हवं. आखूड टोक मण्यातून पलीकडे निघण्याआधीच बोटातून सुटतं, आणि मुलं नेमकी तिथेच कंटाळतात. मोजायला पुष्कळ ठिकाणी चिंचोके वापरतात. स्वस्त आणि मस्त, पण ते नाकाकानात जातात. भावंडं सोबत असतील तर नकोच. आमच्याकडे त्याऐवजी चकत्या आणि दहा खळग्यांची फळी असते. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल वस्तू मोजताना एकच दोनदा मोजतं किंवा एखादी सोडतं. एका खळग्यात एकच चकती हे हाताला पटलं की मोजणी जाग्यावर येते. पाचपर्यंत पक्कं झाल्याशिवाय पुढे जायची घाई करू नये.

चित्रकार्डं १५ सेंमी चौरस, म्हणजे अर्धवर्तुळात मागे बसलेल्यालाही दिसतात. त्यांवर अक्षर नाही, नावही नाही. नागलीचं कणीस, करवंदं, खुरासणीचं फूल, द्राक्षाचा घड, बैल, डोक्यावरचं इरलं अशी चित्रं. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांना ताई आधी घरचा शब्द विचारतात आणि मग मराठी सांगतात. लॅमिनेशन चित्राच्या कडेला लागून कापलं की पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. भोवती ५ मिमी प्लास्टिकची किनार सोडावी.

अक्षरपाट्या आम्ही पाच वर्षांवरच्या मुलांसाठीच देतो, त्याही मागितल्या तर. अक्षरं बोटाने गिरवायची, पॉलिश पेपरमधून कापलेली. पेपर १२० नंबरचा. ८० चा बोटाला बोचतो, २२० चा कळतच नाही. सुरुवातीची जागा एका ठिपक्याने दाखवलेली. ल आणि श कापताना संगणकावरचा फॉन्ट जसाच्या तसा घेता येत नाही, कारण पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळण असतं. राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श आम्ही हाताने काढून साचे केले.

एक वर्षाखालच्या बाळासाठी आमच्याकडे विकायला काही नाही. वाटी, चमचा, डब्याचं झाकण, ओढणी आणि बाळाच्या आवाजाला उत्तर देणारं माणूस, एवढ्यावर भागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत परिसरातल्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. त्यापुढे दुकानातली खेळणी काही फार लागत नाहीत. दुकानदार असूनही हे सांगतो, कारण त्या वयासाठी घेतलेलं साहित्य नंतर आमच्याकडेच परत यायला बघतं.

पेटीसोबत ताईंसाठी अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक असतं. पाच मुलांचा गट, प्रत्येकासमोर स्टीलचं ताट, ताटात एकच साहित्य. ताटाच्या काठामुळे वस्तू घरंगळत नाहीत. बाकीची मुलं मदतनीस ताईंबरोबर गाणी किंवा बाहेरचे खेळ खेळतात. दहा-पंधरा मिनिटांनी गट बदलायचा. ‘हा कोणता रंग?’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. ‘हा का पडला असेल?’ म्हटलं की मूल वाक्य करतं.

ऑर्डर देताना मुलांची एकूण संख्या कळवून भागत नाही. तीन, चार आणि पाच वर्षांची किती, धाकटी भावंडं येतात का, खोलीत फरशी आहे की शेणाने सारवलेली जमीन, एवढं कळवावं. भावंडं येत असतील तर मणी आम्ही पेटीतून काढून ठोकळे वाढवतो. सारवलेल्या जमिनीसाठी कोड्यांच्या पाटीला खाली दोन पट्ट्या मारून देतो, म्हणजे तळाचा प्लाय ओल धरत नाही. घाटमाथ्याकडचा माल मेअखेर रवाना होतो. त्यानंतरची ऑर्डर असेल तर पेटी आतून ताडपत्रीच्या पिशवीत बांधून येते, तिचे पैसे वेगळे लागत नाहीत.