नाल्याचं पाणी उतरेपर्यंत

मागच्या चाकातली हवा गेली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. जूनअखेरचे दिवस, जागा छतडूच्या पुढे, छोटा दडाच्या अलीकडे. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरायचं आणि ग्राम्फूला स्पितीतल्या काझाच्या दिशेने वळायचं. तिथून बातलपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर रस्ता नावालाच. बाकी सगळे गोटे. पकड मिळावी म्हणून आम्ही दोघांनी सकाळी टायरमधली हवा कमी केली होती, ती जरा जास्तच. दगडावर चाक आपटलं, ट्यूब रिमखाली चिमटली आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडली. काटा नाही, खिळा नाही. निव्वळ आमची हुशारी.

माझ्या हिमालयन मोटरसायकलला ट्यूबवाले टायर. जादाची ट्यूब सामानाच्या तळाशी. सगळा संसार रस्त्यावर मांडल्यावर ती निघाली, तर खोक्यावर २१ इंच. म्हणजे पुढच्या चाकाची. मागचं असतं १७. दुसरं खोकं उघडलं, तीही २१चीच. घेताना बघितलं नाही, आता बोलणार कोणाला? पुढची ट्यूब घडी घालून मागे कोंबता येते म्हणतात, पण समोर कुंझुम खिंडीचा चढ होता. त्यापेक्षा पॅच बरा.

चाक काढणं सोपं होतं. खरी झटापट टायरची कड रिमपासून सोडवण्याची. दोघंही टायरवर नाचलो, पण ते ढिम्म. साडेतीन हजार मीटरच्या वर नाचायला दमही पुरत नाही. शेवटी मित्राने चाक आडवं टाकलं, स्वतःची गाडी शेजारी लावली, साइड स्टँडचा पाय नेमका टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडीचा भार त्यावर दिला. फट्‌ करून कड सुटली. पहिला पॅच मात्र माझ्या घाईने वाया गेला. सोल्युशन सुकायच्या आत दाबला, हवा भरली आणि दहा मिनिटांत टायर पुन्हा बसलं. दुसऱ्या खेपेला ट्यूब नीट खरवडली, सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो आणि दोन्ही भोकांवर मिळून एकच मोठा पॅच मारला. हातपंपाने हवा भरताना आळीपाळीने पन्नास-पन्नास दट्टे, मध्ये धापा.

निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि तिथेच दिवस हातातून गेला. इकडचे नाले वरच्या बर्फाच्या पाण्यावर वाहतात. रात्री थंडीने वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं. ऊन चढत गेलं की दुपारी तेच गुडघ्याच्या वर. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गढूळ झालं होतं आणि आतून दगड गडगडत गेल्याचा आवाज येत होता. अलीकडे थांबलेला ट्रकवाला म्हणाला, “अभी नहीं भाई, सुबह पाँच बजे.” मित्र म्हणाला, “अरे, एकदा बघू तरी.” मी काठी घेऊन आत शिरलो. चार पावलं गेलो आणि परत आलो.

तंबू नाल्यापासून उंचावर हवा, पण उतारावरच्या सुट्या दगडांखालीही नको. अशी जागा शोधण्यात तास गेला. खुंट्या शिरेनात, म्हणून दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. खिचडी टाकली, पण या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तासाभराने डाळ टणक आणि गॅस अर्धा. चिवड्यावर भागवलं. (ती खिचडी मित्राने सकाळी खाल्ली. मी नाही.) खाली चंद्रा वाहत होती. पुढे तांदीला तिला भागा मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते. पंढरपूरची पायरी उतरून पाय धुतलेल्या माणसाला त्या राखाडी, गार पाण्याचं हे नाव काही केल्या पटत नाही.

पहाटे साडेपाचला नाला ओळखू येईना. तळाचे गोटे दिसत होते. सामान उतरवून आधी हातांनी पलीकडे नेलं. मग पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, नजर समोरच्या काठावर. मध्यावर मागचं चाक सरकलं, दोन्ही पाय पाण्यात टेकले, मित्राने मागून रेटा दिला. पलीकडे बूट उपडे केले, मोजे पिळले आणि वाकून टायर दाबून पाहिलं. पॅच टिकला होता.

बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल समोर आले तेव्हा मित्राने लगेच हात मारला. मी ओले मोजे घेऊन चुलीजवळ जागा शोधत होतो.